एकाचा पाय उंबऱ्याबाहेर असताना कुठलं विवाह समुपदेशन निवडावं?

तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडते. लग्नाला 11 वर्षं झाली, 2 मुलं आहेत. भांडणाचा साचा ठरलेला आहे: तुम्ही बोलायला लागता, तुमचे पती गप्प होतात, तुम्ही आणखी बोलता, ते उठून दुसऱ्या खोलीत जातात. गेल्या महिन्यात ते म्हणाले, ‘मला यात राहायचंय की नाही तेच कळत नाहीये.’ पण समुपदेशकाकडे यायला त्यांनी नकार दिलेला नाही. त्यांच्या भावाला मध्ये घालावं का, असंही तुमच्या मनात आहे. तुम्ही 4 पर्याय शोधून ठेवलेत: ईएफटी (भावनांवर भर देणारी समुपदेशनाची पद्धत) करणाऱ्या एक बाई, गॉटमन पद्धतीचं (मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या संशोधनावर उभी असलेली पद्धत) प्रशिक्षण घेतलेले एक गृहस्थ, शनिवार-रविवारची जोडप्यांसाठीची कार्यशाळा, आणि ज्यांच्याकडे तुम्ही 8 महिने एकट्या जाताय त्या समुपदेशक. त्या म्हणतात, ‘आता दोघंही माझ्याकडेच या.’ यांतलं कुठलं निवडू, असं तुम्ही विचारलंय.

माझं उत्तर असं की आज तरी यांतलं कुठलंच नको. तुम्ही दिलेल्या माहितीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुमच्या नवऱ्याचं आहे आणि चारही पर्याय ते वाक्य ऐकलंच नाही असं धरून चाललेत.

मी 22 वर्षं जोडप्यांबरोबर काम करते आहे. लोक पद्धतीचं नाव विचारत येतात. मी मात्र आधी तीन गोष्टी बघते. घरात भीती आहे का? दोघांनाही हे लग्न दुरुस्त करायचंय का? आणि भांडण नेमकं कसं होतं? याच क्रमाने बघते, कारण पहिल्याचं उत्तर चुकलं तर पुढचं सगळं चुकतं.

भीतीचं आधी बोलते, कारण तिथे मी स्वतः चुकले आहे. (या उत्तरातल्या सगळ्या जोडप्यांचे तपशील ओळख पटू नये म्हणून बदललेत.) सुरुवातीच्या वर्षांत एक जोडपं आलं. मी नेहमीप्रमाणे दोघांना एकत्र बसवलं. बायको चाचरत बोलत होती, मी तिला धीर दिला, ‘इथे मोकळेपणाने बोला’ म्हणाले. ती बोलली. नवरा शांतपणे ऐकत होता, मधूनमधून मान डोलावत होता, आणि आपली भेट छान झाली असं मला वाटलं. पुढच्या आठवड्यात ते आले नाहीत. दोन महिन्यांनी ती एकटी आली आणि त्या दिवशी घरी जाताना गाडीत काय झालं ते तिने सांगितलं. माझ्या खोलीत उच्चारलेल्या एकेका वाक्याची किंमत तिने मोजली होती. तेव्हापासून पहिल्या एकत्र भेटीनंतर मी प्रत्येकाला एकेकटं भेटल्याशिवाय पुढे जात नाही.

मायकेल जॉन्सन या समाजशास्त्रज्ञाने 1995 मध्ये एक फरक मांडला, तो आम्हाला रोज उपयोगी पडतो. काही घरांत भांडण हाताबाहेर जाऊन कधी धक्काबुक्की होते, तेही वाईटच. पण काही घरांत एक जण दुसऱ्यावर पद्धतशीर ताबा ठेवतो: पैसे, फोन, माणसं, येणंजाणं, सगळ्यावर पहारा, आणि मारहाण हे त्या ताब्याचं एक हत्यार. अशा घरासाठी एकत्र बसून करायचं समुपदेशन हे औषधच नाही. ‘एका हाताने टाळी वाजत नाही’ ही म्हण तिथे घातक ठरते, कारण मार खाणारी व्यक्ती मग आपली चूक शोधायला लागते. तुमच्या बाबतीत तसं काही दिसत नाही. तरी स्वतःला एकदा विचारा: मी समुपदेशकासमोर खरं बोलले तर घरी गेल्यावर मला कशाची भीती वाटेल? उत्तर ‘अबोला’ असेल तर पुढे वाचा. त्याहून वेगळं काही असेल तर एकट्याने मदत घ्या, सुरक्षिततेचा विचार आधी करा, आणि हे उत्तर बाजूला ठेवा.

आता तुमच्या नवऱ्याचं वाक्य. विवाह समुपदेशनाच्या बहुतेक सगळ्या पद्धती एक गोष्ट गृहीत धरतात: दोघंही दुखण्यावर इलाज करायला आलेत. एकाला इलाज हवाय आणि दुसऱ्याला अजून राहायचं की जायचं हेच ठरवता येत नाहीये, अशी जोडपी त्या साच्यात बसत नाहीत. समुपदेशक गृहपाठ देतो, राहू पाहणारी व्यक्ती तो जीव तोडून करते, दुसरी करत नाही. मग पहिली म्हणते, ‘बघा, याला काही पडलेलीच नाही.’ दुसऱ्याला वाटतं आपल्याला कोपऱ्यात ढकलताहेत. चार-पाच भेटींत सगळं फिसकटतं आणि दोघंही म्हणतात, ‘समुपदेशनही करून बघितलं.’ खरं तर ते सुरूच झालेलं नसतं.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातले विल्यम डोहर्टी यांनी नेमकं अशाच जोडप्यांसाठी एक छोटं काम बसवलं. त्याला ‘डिसर्नमेंट काउन्सेलिंग’ म्हणतात. मी निर्णयपूर्व समुपदेशन म्हणते. ते कमीत कमी 1 आणि जास्तीत जास्त 5 भेटींचं असतं. भेटी लांब असतात, पहिली साधारण 2 तासांची. दोघं एकत्र येतात, पण बराचसा वेळ समुपदेशक एकेकाशी वेगळं बोलतो, आणि शेवटी प्रत्येक जण आपल्याला काय उमगलं ते दुसऱ्यासमोर थोडक्यात सांगतो. यात भांडण सोडवायचा प्रयत्नच केला जात नाही. समोर तीन वाटा ठेवलेल्या असतात: आहे तसंच चालू ठेवणं, वेगळं होणं, किंवा वेगळं होण्याचा विषय 6 महिने पूर्ण बाजूला ठेवून मनापासून समुपदेशन करणं आणि मग पुन्हा ठरवणं.

तुमच्या नवऱ्यासारख्या माणसाला यात श्वास घ्यायला जागा मिळते. त्याच्याकडून कोणी वचन मागत नाही. आणि तुम्हाला जे मिळतं तेही कमी नाही. राहू पाहणाऱ्या व्यक्तीला मी वेगळ्या वेळेत विचारते, ‘ते राहिले किंवा गेले, दोन्ही बाजूंनी विचार करा: या नात्यात तुमच्या बाजूने काय घडलं?’ पुष्कळदा तोवर सगळं लक्ष जोडीदाराला थांबवण्यात गुंतलेलं असतं. विनवण्या, मुलांचे दाखले, नातेवाइकांकडून फोन. यातली एकेक गोष्ट जाणाऱ्याला आणखी दूर लोटते. तुमच्या प्रश्नात त्याची चुणूक दिसली म्हणून हे स्पष्ट लिहिते आहे. त्यांच्या भावाला मध्ये घालू नका.

एकाने मनाशी पक्कं ठरवलेलंच असेल आणि फक्त सांगायला जागा हवी असेल, तर मात्र या कामाचा उपयोग नाही. तिथे नीट वेगळं होण्यासाठी मध्यस्थी लागते आणि तो वेगळाच व्यवसाय आहे.

समजा तुम्ही दोघांनी तिसरी वाट धरली. मग तुमच्या यादीतल्या पहिल्या दोन पर्यायांचा प्रश्न खऱ्या अर्थाने समोर येतो, आणि तिथे तिसरा निकष लागतो: भांडण कसं होतं.

एक प्रसंग सांगते. खोलीत तुमच्यासारखंच जोडपं होतं. ती बोलत होती, आवाज चढत होता. तो खिडकीकडे बघत होता, चेहऱ्यावर रेषही हलत नव्हती. ती माझ्याकडे वळून म्हणाली, ‘बघितलंत? घरी अस्संच. मी मेले काय, जगले काय, याला सोयरसुतक नाही.’ मी तिला थांबवलं आणि त्याला विचारलं, ‘आत्ता या क्षणी शरीरात काय होतंय?’ तो बराच वेळ काही बोलला नाही. मग हात वर केला, मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ होतं. खुर्चीत नुसता बसलेला माणूस, आणि आकडा 118. म्हणाला, ‘कानात घुं घुं होतंय. ती काय म्हणते ते शेवटी शेवटी ऐकूच येत नाही.’ ती त्या घड्याळाकडे बघत राहिली. 9 वर्षं ती ज्याला बेफिकिरी समजत होती तो घाबरा झालेला माणूस होता. आणि तो ज्याला हल्ला समजत होता, ती ‘तू आहेस ना?’ ही हाक होती, हे त्याला कळायला आणखी तीन भेटी लागल्या.

जॉन गॉटमन यांनी 1986 मध्ये सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात एक प्रयोगशाळा उभी केली, राहत्या घरासारखी दिसणारी. तिथे जोडप्यांना बोलतं करून त्यांचे हावभाव आणि नाडी टिपत. नाडी मिनिटाला 100 च्या वर गेली की माणसाला समोरच्याचं नीट ऐकताच येत नाही, आणि शांत व्हायला निदान 20 मिनिटं तरी लागतात, हे त्यांचं सांगणं मी रोज वापरते. त्यांनी नातं पोखरणाऱ्या चार सवयी सांगितल्या: माणसावरच ठपका ठेवणं, तुच्छता, लगेच स्वतःचा बचाव मांडणं, आणि मूग गिळून बसणं. त्यांत तुच्छता सगळ्यात विषारी. डोळे फिरवणं, नक्कल करणं, ‘तुला काय कळतंय’ हा सूर. गॉटमन पद्धत ठोस असते, सवयी मोजते, सराव देते. आणखी एक गोष्ट त्यांच्या कामातून कळते: जोडप्यांच्या मतभेदांपैकी सुमारे 69 टक्के कधीच सुटत नाहीत, कारण ते स्वभावांतून येतात. सुखी जोडप्यांचेही सुटत नाहीत; त्यांना त्या विषयावर न दुखावता बोलता येतं, इतकंच. म्हणून ‘आमचा प्रश्न सोडवून द्या’ म्हणत आलेल्यांची मी आधी ही समजूत घालते.

ईएफटी, म्हणजे इमोशनली फोकस्ड थेरपी, कॅनडात स्यू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी 1980 च्या दशकात विकसित केली. तिचा पाया ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या आसक्तीच्या सिद्धांतात आहे. मूल आईला धरून असतं तशी मोठी माणसंही एका माणसाला धरून असतात, आणि तो धागा तुटेल असं वाटलं की एक जण पाठीमागे लागतो, दुसरा पाठ फिरवतो. तुम्ही वर्णन केलेला साचा हुबेहूब हाच. म्हणून तुमच्या दोघांत पुढे जाऊन समुपदेशन ठरलं, तर माझा कल ईएफटीकडे राहील. साधारण 8 ते 20 भेटी धरा. मात्र फोनवर नीट विचारून घ्या, कारण शरीरावरच्या ठराविक बिंदूंवर बोटांनी टिचक्या मारायची एक वेगळीच पद्धत याच आद्याक्षरांनी ओळखली जाते आणि तिचा याच्याशी काही संबंध नाही. माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याचे 3 महिने त्या गोंधळात गेले होते.

या दोन नावांत निवड करताना रात्र रात्र जागू नका, असंही सांगते. अँड्र्यू क्रिस्टेन्सेन आणि नील जेकबसन या मानसशास्त्रज्ञांनी लॉस एंजेलिस आणि सिअ‍ॅटलमध्ये 134 जोडप्यांवर एक मोठा अभ्यास केला. सगळी जोडपी दीर्घकाळ आणि गंभीर त्रासात असलेली. तुलना दुसऱ्याच दोन पद्धतींची होती: निम्म्यांना वागणं बदलण्यावर भर देणारी जुनी पद्धत दिली, निम्म्यांना जोडीदाराच्या न बदलणाऱ्या गोष्टी स्वीकारण्यावर भर देणारी नवी पद्धत. 5 वर्षांनंतरचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले: दोन्ही गटांत जवळजवळ निम्म्या जोडप्यांची ठळक सुधारणा टिकून होती, आणि साधारण चौथा हिस्सा वेगळा झाला होता. दोन पद्धतींत 5 वर्षांनी फारसा फरक उरला नाही. मी हे आकडे लोकांना पहिल्याच दिवशी सांगते. खोटी आशा दाखवली की तिसऱ्या आठवड्यात माणसं खचतात.

तुमच्या यादीतली कार्यशाळा वाईट नाही. दोघंही राजी असतील, नात्यात गोडवा शिल्लक असेल, पण बोलायची रीत बिघडली असेल, तर 2 दिवसांत शिकलेलं पुष्कळ दिवस पुरतं. पण तुमच्या नवऱ्याला आज तिथे बसवलंत तर 20 जोडप्यांच्या मध्ये तुमचे हात हातात घेऊन ‘मला तुझ्यातलं काय आवडतं’ हे मोठ्याने म्हणावं लागेल. जे अजून ठरलेलं नाही ते तोंडातून वदवून घेतलं की मन आणखी मिटतं.

आणि तुमच्या स्वतःच्या समुपदेशक. त्यांनी प्रेमाने सुचवलं असेल यात शंका नाही, तरी नाही म्हणा. त्यांनी 8 महिने फक्त तुमची बाजू ऐकली आहे. तुमच्या नवऱ्याचं एक चित्र त्यांच्या मनात तयार आहे, आणि ते त्यांनी रंगवलेलं नाही, तुम्ही दुःखात असताना रंगवलेलं आहे. तो खोलीत शिरेल तेव्हा दोघी एका बाजूला आणि तो एका बाजूला, हे त्याला खुर्चीत बसण्याआधी कळेल. तुमचं एकटीचं काम त्यांच्याकडे चालू ठेवा, त्याची तुम्हाला गरज आहे. जोडप्याचं काम तिसऱ्या व्यक्तीकडे.

काही दुखणी आधी वेगळी काढावी लागतात, ती थोडक्यात. दारू किंवा दुसरं व्यसन चालू असेल तर त्याचा उपचार आधी किंवा बरोबरीने हवाच. बाहेरचं प्रकरण उघडकीला आलं असेल तर आधी धक्का सावरणं, मग ते का घडलं ते समजून घेणं, मग पुढचं ठरवणं, असा टप्प्याटप्प्याने चालणारा माणूस शोधा. पहिल्याच भेटीत ‘झालं गेलं विसरा’ म्हणणाऱ्याकडे परत जाऊ नका. मूळ अडचण शरीरसंबंधांची असेल तर आधी वैद्यकीय तपासणी, मग लैंगिक समस्यांचा खास तज्ज्ञ. आणि एकाला गंभीर नैराश्य असेल तर ‘मला काहीच वाटत नाही’ हे वाक्य लग्नाबद्दल आहे की आजाराबद्दल, हे आधी तपासावं लागतं. तुमच्या नवऱ्याबाबत हे शेवटचं मी जरूर विचारेन: झोप कशी आहे, कामात, मित्रांत, मुलांत रस उरलाय का?

समुपदेशकाला फोन कराल तेव्हा पदव्यांपेक्षा कामाची विचारपूस करा. आठवड्यातल्या त्यांच्या भेटींपैकी जोडप्यांच्या किती? एकेकट्यांबरोबर उत्तम काम करणारे पुष्कळ जण जोडप्यासमोर गडबडतात, कारण खोलीत दोन सत्यं एकदम सांभाळणं हे वेगळं कसब आहे. ‘आमच्यापैकी एकाला राहायचं की नाही ते ठरलेलं नाही, अशा वेळी तुम्ही काय करता?’ हे विचारा. निर्णयपूर्व कामाचं नाव त्यांना माहीत नसलं तरी चालेल, पण ‘या तर खरं, बघू’ एवढंच उत्तर आलं तर दुसरा फोन लावा. एकेकट्या भेटीत सांगितलेली गुपितं ते कशी हाताळतात तेही विचारा. नियम कुठलाही असो, तो आधी सांगितलेला हवा.

आणि माझा सगळ्यात आवडता प्रश्न: ‘आम्ही तुमच्यासमोर भांडायला लागलो तर तुम्ही काय कराल?’ चांगला समुपदेशक म्हणेल, थांबवेन. नुसतं शांतपणे ऐकणारा, दोघांना आळीपाळीने पाढे वाचू देणारा माणूस जोडप्याच्या कामाचा नाही. घरी फुकट होणारं भांडण तिथे वेळ घेऊन करायला कशाला जायचं?

चौथ्या भेटीपर्यंत समुपदेशकाने तुमच्या दोघांच्या भांडणाचं चक्र तुम्हाला स्वच्छ मांडून दाखवलेलं असावं, असं की ऐकून दोघांनाही ‘हो, हे आमचंच’ वाटेल. एकालाच वाटलं तर तसं सांगा. चांगला समुपदेशक त्याने दुखावत नाही, मांडणी बदलतो. दोनदा सांगूनही काही हललं नाही, तर बदला, आणि बदलताना अपराधी वाटून घेऊ नका.

आता नवऱ्याशी बोलायचं. ‘आपलं लग्न वाचवायला जाऊया’ असं म्हणू नका; ते त्यांच्या कानाला आत्ताच उत्तर मागितल्यासारखं लागेल. असं काहीसं म्हणा: ‘तुला ठरवता येत नाहीये हे मी ऐकलं. ते नीट ठरवायला एक जागा असते. जास्तीत जास्त पाच वेळा जायचं, तिथे कोणी तुला राहा म्हणणार नाही, आणि मलाही माझ्याबद्दल काही बघायचंय.’ शेवटचा भाग खरा असेल तरच म्हणा. मग गप्प बसा, त्यांना दोन दिवस द्या. भेटीची वेळ त्यांनाच घेऊ दे.

पहिली भेट लांब चालेल, तेव्हा मुलांची सोय संध्याकाळपर्यंतची करून ठेवा. तुम्ही बाहेर बसलेल्या असताना आत ते एकटे बोलत असतील, तो वेळ फार जड जातो. सोबत काही वाचायला न्या. आणि परत येताना वाटेत ‘आत काय सांगितलंस?’ हे विचारू नका. जमल्यास येताना वेगवेगळे या.